ई-रीडर पडल्यावर: तपासणीपासून नवी स्क्रीन बसवण्यापर्यंत

ई-रीडर हातातून निसटून शहाबादी फरशीवर आपटला, की बहुतेक वाचक एकतर तो पुन्हापुन्हा चालू-बंद करून पाहतात, नाहीतर त्याच संध्याकाळी जवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन देतात. या दोन्ही घाईंमुळे वाचवता आले असते असे यंत्र कायमचे निकामी होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात मोबाईल दुरुस्त करणारे कुशल कारागीर गल्लोगल्ली आहेत, परंतु ई-रीडर त्यांच्याकडे क्वचितच येतो, आणि मोबाईलची रीत त्याला लावली तर नुकसानच होते. पुढे दिलेली माहिती प्रामुख्याने किंडल आणि कोबो या यंत्रांना धरून आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नये. या कामात कौशल्यापेक्षा क्रमच अधिक वेळा चुकतो.

१. पडल्यानंतर लगेच

यंत्र उचलून सपाट जागेवर, स्क्रीन वर करून ठेवावे. कव्हर असेल तर ते ओढून काढू नये. एखादा कोपरा वाकला असल्यास कव्हर काढताना यंत्र पिळले जाते आणि आतली तडकलेली काच आणखी चिरत जाते. स्क्रीनवर अंगठ्याने दाबून पाहण्याचा मोह टाळावा. काच फुटली आहे की नाही, हे दाबून कळत नाही. फुटलेली असेल तर मात्र ती वाढते.

पावसाळ्यात यंत्र पडते ते बरेचदा ओल्या पायरीवर किंवा बसमधल्या ओल्या फळीवर. अशा वेळी पाणी आत गेल्याची शक्यता धरून चालावे, यंत्र पूर्ण बंद करावे आणि चार्जरला अजिबात लावू नये. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण त्याने आतले पाणी निघत नाही आणि तांदळाची भुकटी चार्जिंगच्या खाचेत जाते. कोरड्या खोलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, खाच खाली करून उभे ठेवणे अधिक बरे.

सावधान: किंडल पेपरव्हाइटचे २०१८ आणि २०२१ चे नमुने पाणीरोधक म्हणून विकले गेले असले, तरी पडल्यामुळे कड उकलली असेल तर ते संरक्षण उरलेले नसते.

२. नेमके काय बिघडले, हे ओळखणे

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण चुकीच्या निदानावर मागवलेला भाग परत जात नाही.

ई-रीडरची स्क्रीन मोबाईलच्या स्क्रीनसारखी सतत उजळत नसते. ई-इंक नावाच्या या स्क्रीनमध्ये सूक्ष्म कुप्यांत काळे आणि पांढरे, विरुद्ध विद्युतभाराचे कण असतात. वीज मिळाली की ते वर-खाली सरकतात आणि वीज गेल्यावर जिथे असतील तिथेच राहतात. म्हणूनच बॅटरी पूर्ण संपलेल्या किंडलवरही शेवटचे चित्र तसेच दिसत राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, स्क्रीनवर चित्र दिसते म्हणून यंत्र चालू आहे असे समजू नये, आणि चित्र हलत नाही म्हणून बोर्ड, म्हणजे आतले मुख्य सर्किट, गेला असेही समजू नये.

दुसरी गोष्ट याहून अधिक फसवी आहे. जुन्या पेपरव्हाइटसारख्या, कडेला उंच चौकट असलेल्या यंत्रांत आपल्या बोटाला लागतो तो वरचा थर प्लॅस्टिकचा असतो. फुटणारी पातळ काच त्याच्या खाली, सर्वांत मागे असते. त्यामुळे स्क्रीन पूर्ण तडकलेली असूनही नखाला कुठेच चीर लागत नाही, आणि वाचक ठामपणे सांगतात की काच शाबूत आहे, बिघाड आतला आहे. त्या काचेवरच प्रत्येक ठिपक्याला वीज पोहोचवणाऱ्या बारीक ओळी आणि ट्रान्झिस्टर असतात. चीर गेली की तिच्या पलीकडच्या ओळींना वीज मिळत नाही, आणि तो भाग पडण्याच्या क्षणी जे चित्र होते त्यावर गोठून राहतो.

निदानासाठी खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला जवळजवळ समांतर धरावा आणि मग पुढील लक्षणे पाहावीत.

स्क्रीनचा एक कोपरा गोठला आहे, त्यातून आडव्या-उभ्या सरळ रेषा निघतात, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी काळसर नक्षी दिसते आणि उरलेला भाग पान उलटल्यावर बदलतो: काच तडकली आहे. याला दुरुस्ती नाही, पॅनेल, म्हणजे या काचेसह सगळी स्क्रीन, बदलावेच लागते. चीर भरून काढणारा कोणताही गोंद किंवा द्रव यावर चालत नाही.

स्क्रीन स्वच्छ आहे, एकही रेघ नाही, पण काहीच हलत नाही: पॅनेल बहुधा ठीक आहे. आधी अर्धा-एक तास चार्ज करावे, मग पॉवरचे बटण सलग ४० सेकंद दाबून धरून सोडावे. किंडल पुन्हा सुरू होताना झाडाखाली बसून वाचणाऱ्या मुलाचे चित्र येते. ते चित्र स्वच्छ उमटले, तर स्क्रीन आणि तिची पट्टी (बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये बसणारी चपटी, लवचिक तारांची फीत) दोन्ही शाबूत आहेत. ते उमटून तिथेच अडकले, तर दोष सॉफ्टवेअरचा आहे आणि यंत्र उघडण्याची गरज नाही.

मजकूर नीट दिसतो पण समोरचा प्रकाश एका बाजूने गेला आहे किंवा मुळीच लागत नाही: प्रकाशाची पट्टी कनेक्टरमधून निसटली असण्याची शक्यता मोठी. हे स्वस्तात सुटणारे काम आहे.

मजकूर बदलतो, पण बोटाचा स्पर्श कळत नाही किंवा आपोआप पाने उलटतात: स्पर्शाची पट्टी सैल झाली आहे, नाहीतर चौकट वाकून स्क्रीनवर टेकते आहे. २०११ च्या किंडल टचसारख्या काही जुन्या यंत्रांत स्पर्श ओळखण्यासाठी कडेने इन्फ्रारेड किरण सोडलेले असतात. तिथे चौकटीच्या खाचेत अडकलेला मातीचा कण एवढाही पुरतो. सुक्या, मऊ ब्रशने आधी चारी कडा झाडून पाहाव्यात.

तपासणी: स्टीलची मोजपट्टी यंत्राच्या पाठीवर आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. पाठ वाकलेली असेल, तर आज चालणारी स्क्रीनही पिशवीतल्या डब्याच्या दाबाने उद्या फुटेल. पाठ मधोमध फुगलेली दिसली तर ती बॅटरीची सूज असू शकते. अशा यंत्राला चार्जर लावू नये, ते मऊ पृष्ठभागावर ठेवून जाणकाराकडेच न्यावे.

३. यंत्र उघडण्यापूर्वी नोंदी उतरवून घेणे

विकत घेतलेली पुस्तके खात्यातून पुन्हा मिळतात. केबलने स्वतः टाकलेली पुस्तके आणि त्यांवर केलेल्या खुणा मात्र फक्त त्या यंत्रातच असतात, आणि हेच नेमके अनेकांच्या लक्षात येत नाही. मराठी वाचकांच्या बाबतीत हा भाग मोठा असतो, कारण स्कॅन केलेले जुने अंक आणि मित्रांकडून आलेल्या ई-पब फायली बहुधा केबलनेच टाकलेल्या असतात.

स्क्रीन फुटली तरी बोर्ड चालू असतो, म्हणून यंत्र संगणकाला जोडावे. जोडल्यावर काहीच घडले नाही, तर आधी केबल बदलावी. घरातल्या निम्म्या केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून माहिती जात नाही. किंडल दिसू लागले की ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे. त्यातच ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची साधी मजकूर-फाईल असते आणि तिच्यात आपण अधोरेखित केलेला सर्व मजकूर असतो. ती वेगळी उघडून मराठी अक्षरे नीट दिसतात का, ते पाहावे. कोबोमध्ये खुणांची माहिती ‘.कोबो’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, म्हणून संगणकावर लपवलेल्या फायली दाखवण्याची सोय आधी चालू करावी. शिवाय कोबो जोडल्यावर स्क्रीनवरच परवानगीचे बटण येते. स्क्रीन अर्धी गोठली असेल तर ते अंदाजाने दाबावे लागते, आणि तेवढ्यासाठी तशाच नमुन्याच्या चालू यंत्राचे छायाचित्र समोर असले की बटणाची जागा चुकत नाही.

सावधान: किंडलला पासकोड असेल, तर तो दिल्याशिवाय संगणकावर फायली दिसत नाहीत. काही ठिकाणी पासकोडच्या जागी १११२२२७७७ हा आकडा टाकण्याचा सल्ला मिळतो. त्याने कुलूप उघडते खरे, पण यंत्रातील सर्व काही पुसून. दुकानात यंत्र देतानाही हे स्पष्ट सांगून ठेवावे.

४. भाग मागवणे

पडून झालेले नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही, तरीही यंत्र एक वर्षाच्या आतले असेल तर उघडण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारावे. एकदा उघडलेल्या यंत्राबद्दल विचारण्यात अर्थ उरत नाही.

नवे पॅनेल आणि वाहतूक मिळून होणारा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर माझ्या मते दुरुस्तीचा नाद सोडावा. याला एक पर्याय आहे, तो लोक विसरतात: त्याच नमुन्याचे, बॅटरी किंवा बोर्ड गेलेले पण स्क्रीन शाबूत असलेले जुने यंत्र. ते सुट्या पॅनेलपेक्षा अनेकदा स्वस्त पडते आणि स्क्रीन चौकटीसह आयती मिळत असल्यामुळे पुढची सर्वांत कठीण पायरीच वाचते.

पॅनेल मागवताना ‘पेपरव्हाइट’ एवढेच लिहिणे ही नेहमीची चूक. या एकाच नावाने २०१२ पासून अनेक पिढ्या निघाल्या आणि त्यांची पॅनेले एकमेकांना चालत नाहीत. स्क्रीन वाचता येत नसेल तर यंत्राचा अनुक्रमांक खात्यातील उपकरणांच्या यादीत मिळतो, आणि त्यावरून पिढी ठरवता येते. पण खरा आधार पॅनेलच्या मागे छापलेल्या क्रमांकाचा. तो बहुधा ‘ईडी’ या अक्षरांनी सुरू होतो. पुढचे ०६० म्हणजे ६ इंच, आणि त्यानंतरची अक्षरे बारीकसारीक प्रकार सांगतात. त्यातले एक अक्षर वेगळे असले तरी पट्टीची जागा बदललेली असू शकते. म्हणून आधी पायरी ५ आणि ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे यंत्र उघडून क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, कागदी टेपने तात्पुरते मिटवावे आणि मगच मागणी नोंदवावी.

त्याच लेबलवर अनेकदा वजा चिन्हासह एक लहान दशांश संख्या असते. ती त्या पॅनेलला लागणाऱ्या व्होल्टेजची असते आणि प्रत्येक नगाची किंचित वेगळी असते. दोन संख्यांत फार अंतर असेल तर नवी स्क्रीन थोडी फिकट किंवा मागच्या पानाची छाया राखणारी दिसू शकते. तो दोष जोडणीचा समजून पट्ट्या पुन्हा उचकटू नयेत.

पार्सल आल्यावर ते फोडताना मोबाईलवर चित्रण करावे. पॅनेल वाटेतच फुटून येण्याचे प्रमाण नगण्य नाही, आणि पुरावा नसेल तर विक्रेता ऐकत नाही. गाव आतले असेल तर पार्सल बेळगावातल्या एखाद्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवून स्वतः आणलेले बरे. पातळ काच जितक्या कमी हातांतून जाईल तितके चांगले.

५. जागा, हवा आणि अवजारे

जून ते सप्टेंबर या काळात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. टेपचा गोंद अशा हवेत धड धरत नाही आणि उघड्या यंत्रात दमटपणा शिरतो. काम अडलेले नसेल तर चार दिवस उघाडीची वाट पाहावी. याच्या उलट डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर घालून बोर्डाला हात लावू नये, कारण अंगावर साठलेली स्थिर वीज चिपला पुरी पडते. सुती कपडे घालावेत आणि मधूनमधून नळाच्या लोखंडी पाइपला हात लावत जावा.

टेबलावर फिक्या रंगाचे सुती कापड पसरावे; त्यावर पडलेला स्क्रू उड्या मारत नाही आणि दिसतोही. पंखा बंद ठेवावा.

अवजारे मोजकीच लागतात: गिटारची प्लॅस्टिक पिक किंवा मोबाईलवाल्यांचे प्लॅस्टिक ओपनर, बारीक प्लस आणि तारा-आकाराचे स्क्रू ड्रायव्हर, बोथट टोकाचा चिमटा, केस वाळवायचा ड्रायर, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पातळ डबल टेप, भिंग आणि डोळ्यांवर चष्मा. आयपीए ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे घ्यावे. हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि इतर पदार्थ असतात, ते चालत नाही. सुरी, ब्लेड, चपटा लोखंडी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवूच नये, कारण हाताशी असले की वापरले जाते.

स्क्रूंसाठी एका जाड कागदावर यंत्राची आकृती काढून तिच्यावर डबल टेप लावावी आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत जावा. हे पोरखेळासारखे वाटते, पण शेवटच्या पायरीवर याचे महत्त्व कळते.

तपासणी: बॅटरी चतुर्थांशाच्या खाली आणलेली असावी, यंत्र नुसते झोपवलेले नसून पूर्ण बंद असावे, केबल काढलेली असावी.

६. यंत्र उघडणे आणि बॅटरीची जोडणी सोडवणे

ई-रीडरची रचना स्थूलमानाने दोन प्रकारची असते. २०१२, २०१३ आणि २०१५ च्या पेपरव्हाइटमध्ये समोरची काळी चौकट चिकटवलेली आणि खाचांत अडकवलेली असते. ती निघाली की तिच्याखाली कडेने स्क्रू दिसतात. २०१८ पासूनच्या सपाट चेहऱ्याच्या पेपरव्हाइटमध्ये वेगळी चौकट नसते, पुढचा संपूर्ण भाग पाठीला गोंदाने बसवलेला असतो आणि तो उष्णतेशिवाय सुटत नाही. काही इतर यंत्रांत पाठच आधी काढावी लागते. आपल्या पिढीचे यंत्र उघडल्याचे चित्रण एकदा पूर्ण पाहिल्याशिवाय कुठेही पिक घालू नये.

ड्रायर मंद उष्णतेवर, एका जागी न थांबवता कडेने फिरवावा. ई-इंक पॅनेल साधारण ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात काम करण्यासाठी बनवलेले असते. हाताची पाठ टेकवल्यावर चटका बसत असेल तर उष्णता जास्त झाली. पिक खालच्या कडेपासून घालावी आणि फक्त दोन-तीन मिलिमीटर आत जाऊ द्यावी. जोर लागतो आहे असे वाटले तर थांबून पुन्हा ऊब द्यावी. दोन कोपरे सुटल्यावर चौकट झटक्यात उचलणे ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिचा वेगळा उल्लेख हवा: चिकटपणा बहुतेक वेळा तिसऱ्या कोपऱ्यात राहिलेला असतो आणि चौकट तिथे मोडते.

आतला भाग दिसताच इतर काहीही हलवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी लिथियम-पॉलिमरची आणि मऊ पाकिटासारखी असते. तिच्याखाली काहीही खुपसू नये. केवळ स्क्रीन बदलायची असेल तर बॅटरी जागेवरून काढण्याची गरज नसते, जोडणी सुटली की पुरे.

७. पट्ट्या सोडवणे आणि जुने पॅनेल काढणे

चपट्या पट्ट्या ज्या कनेक्टरमध्ये जातात त्यांना बहुधा काळी किंवा तपकिरी, नखाच्या टोकाएवढी झडप असते. ती नखाने हलकेच वर उघडावी लागते; त्यानंतर पट्टी स्वतःहून निसटते. झडप न उघडता पट्टी ओढली तर कनेक्टर बोर्डावरून उखडतो, आणि मग स्क्रीनपेक्षा मोठा खर्च समोर येतो. काही पट्ट्यांना झडप नसते, त्या वरून दाबून बसवलेल्या असतात. त्या सरळ वर उचलायच्या असतात. कोणती कोणत्या प्रकारची आहे हे भिंगातून पाहून ठरवावे आणि सोडवण्यापूर्वी प्रत्येकीचे छायाचित्र घ्यावे.

फुटलेले पॅनेल आतल्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटवलेले असते. ते अखंड निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. कडेने आयपीएचे दोन-चार थेंब सोडावेत, चार-पाच मिनिटे थांबावे, मग पिक किंवा नायलॉनचा बारीक दोरा करवतीसारखा मागे-पुढे सरकवत न्यावा. काचेचे कण उडतात, म्हणून चष्मा याच वेळी लागतो. वरून रुंद पारदर्शक टेप लावून घेतली तर कण तिलाच चिकटून राहतात.

सावधान: काही यंत्रांत प्रकाशाचा आणि स्पर्शाचा थर पॅनेलला कायमचा जोडलेला असतो, काहींत तो वेगळा असतो. मागवलेले पॅनेल या थरांसह आले आहे का, हे जुने काढण्यापूर्वी पाहावे. नुसते पॅनेल आले असेल तर जुना प्रकाशाचा थर वाचवून त्यावर बसवणे घरच्या टेबलावर साधत नाही. आत धूळ आणि हवेचे बुडबुडे राहतात, आणि रात्री प्रकाश लावला की तेच डोळ्यांत भरतात.

८. चौकट सरळ करणे

नवी स्क्रीन बसवून आठवड्याच्या आत पुन्हा फुटली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि दोष विक्रेत्याच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा कारण चौकटीत असते. यंत्र ज्या कोपऱ्यावर पडले तिथे चौकट थोडी आत दबलेली असते, जुन्या गोंदाचा एखादा गोळा राहिलेला असतो, किंवा जुन्या काचेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा कोपऱ्यात बसलेला असतो. एक मिलिमीटरहून पातळ काच या उंचवट्यावर टेकली की तिथेच ताण साठतो, आणि पुढच्या वेळी यंत्र उशीखाली गेले की चीर तिथूनच सुरू होते.

म्हणून चौकट रिकामी झाल्यावर आयपीए लावलेल्या सुती फडक्याने सर्व गोंद काढावा, कोपरे ब्रशने झाडावेत आणि मग डोळे मिटून बोट फिरवावे; नजरेला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. त्यानंतर स्टीलची पट्टी उभी, आडवी, तिरपी ठेवून उजेड पाहावा. धातूची चौकट वाकली असेल तर ती टेबलाच्या सपाट कडेवर, कापडाची घडी मध्ये घालून, थोडी थोडी दाबत सरळ करावी. हातोडी वापरू नये. प्लॅस्टिकची चौकट मोडली असेल तर ती चिकटवण्यापेक्षा जुन्या यंत्राची मिळवावी.

९. चिकटवण्यापूर्वीची चाचणी

ही पायरी वगळणाऱ्यांना तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते, आणि दुसऱ्या वेळी नवे पॅनेल काढताना ते जवळजवळ हमखास फुटते.

नवे पॅनेल टेप न लावता चौकटीत नुसते ठेवावे. त्याच्यावरचे संरक्षक प्लॅस्टिक तसेच राहू द्यावे. पट्टी तिच्या मूळ घडीनेच वळवावी; नवी घडी घालू नये, कारण तिच्यातील तारा एका तीक्ष्ण मोडीने तुटतात. पट्टी कनेक्टरमध्ये पूर्ण आत आणि सरळ गेली की झडप बंद करावी. सर्व पट्ट्या जोडून झाल्यावर शेवटी बॅटरी जोडावी. काढताना बॅटरी पहिली, जोडताना शेवटची.

आता पॉवरचे बटण दाबून थांबावे. पहिल्या वेळी यंत्र सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागू शकतात, तेवढ्यात पुन्हापुन्हा बटण दाबत बसू नये. सुरू झाल्यावर दहा-बारा पाने उलटावीत, चारी कोपऱ्यांत स्पर्श करून पाहावा, प्रकाश शून्यापासून पूर्णापर्यंत न्यावा आणि संगणकाला जोडून फायली दिसतात का तेही पाहावे. मराठी मजकुराचे बारीक अक्षरांतले पान उघडून वेलांट्या आणि रफार भिंगातून पाहिले, की एखादी मेलेली ओळ लगेच सापडते.

तपासणी: रेषा दिसल्या तर पॅनेल खराब आहे असे लगेच ठरवू नये. यंत्र बंद करावे, बॅटरी सोडवावी, स्क्रीनची पट्टी काढून पुन्हा बसवावी. पट्टी अर्ध्या मिलिमीटरने तिरपी गेली तरी अशाच रेषा येतात. मात्र पुन्हा जोडूनही रेषा त्याच जागी राहिल्या, तर पॅनेलच सदोष आहे, आणि संरक्षक प्लॅस्टिक न काढलेले असल्यामुळे ते परत पाठवता येते.

१०. चिकटवणे आणि बंद करणे

यंत्र बंद करून बॅटरी पुन्हा सोडवावी. टेप मूळच्याच जाडीची आणि मूळच्याच जागी लावावी. दोन थर लावले तर स्क्रीन वर येते आणि चौकट तिच्यावर दाब देते. पट्टीवर किंवा तिच्या मुळाशी टेप येऊ देऊ नये. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद वापरू नये, त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरा थर बसतो आणि पुढे यंत्र कधी उघडायचे झाले तर उघडत नाही. मोबाईलच्या दुकानांत मिळणारा बी-७००० गोंद बाहेरच्या चौकटीला चालतो, पॅनेलला मात्र टेपच बरी.

पॅनेल एका कडेने टेकवून तळव्याने हळूहळू खाली सोडावे. बोटाच्या टोकाने मध्ये दाबू नये. दाब द्यायचा तो कडांवर, आणि तोही हलका.

स्क्रू आकृतीवरून उचलून आपापल्या जागी लावावेत. त्यांच्या लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर त्याचे टोक मागून थेट काचेला भिडते. पूर्ण यशस्वी झालेले काम या शेवटच्या क्षणी गेल्याची उदाहरणे दुरुस्ती करणारे सगळेच सांगतात. आधी सर्व स्क्रू सैल लावावेत, मग समोरासमोरचे आलटून-पालटून आवळावेत. हाताला अडल्यासारखे लागले की थांबावे. सर्व बसल्यावर पाठीवर पुन्हा एकदा स्टीलची पट्टी ठेवून पाहावी.

गोंद लावला असेल तर यंत्र पूर्ण दिवसभर सपाट ठेवावे, वर एखादे पातळ पुस्तक ठेवण्यापलीकडे वजन देऊ नये. पहिले चार्जिंग संगणकाच्या खाचेतून किंवा साध्या कमी क्षमतेच्या चार्जरने, समोर बसून करावे. उघडलेल्या यंत्राचा पाणीरोधकपणा संपला असे समजूनच ते पुढे वापरावे.

११. दुकानात द्यायचे असेल तर

वरील काम झेपणारे नसेल तर मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे देण्यास हरकत नाही. पट्ट्या आणि कनेक्टर हाताळण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा नक्कीच सराईत असतो. अडचण एवढीच की फोनची काच सोडवताना ते यंत्र गरम प्लेटवर ठेवतात, आणि ई-इंक पॅनेलला ती उष्णता सोसत नाही. त्यामुळे यंत्र हातात देतानाच सांगावे, “अण्णा, हा मोबाईलचा डिस्प्ले नव्हे, प्लेटवर ठेवू नका, ड्रायरने मंद ऊब द्या, आणि चिकटवायच्या आधी मला चालवून दाखवा.” भाग आपण स्वतः मागवून द्यावा, पॅनेलचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा आणि जुने पॅनेल परत मागावे. चार्जिंगची खाच किंवा पॉवरचे बटण बोर्डावरून सुटले असेल तर ते सोल्डरिंगचे काम आहे, आणि ते घरी न करता थेट त्यांच्याकडेच न्यावे.

जुने पॅनेल जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून, मगच कचऱ्यात द्यावे. काढलेली किंवा सुजलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये आणि शेताच्या बांधावर पाचोळ्याबरोबर जाळू तर अजिबात नये. तिची टोके टेपने झाकून ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात किंवा त्या दुरुस्तीच्या दुकानात द्यावी. जुन्या यंत्राची चौकट, स्क्रू आणि बटणे मात्र एका डबीत घालून वर नमुन्याचे नाव लिहून ठेवावीत. त्या पिढीचे हे भाग बाजारात सुटे सहसा मिळत नाहीत.